विकिपीडियावर नेत्यांची माहिती चुकते कशी? आणि ती तपासायची कशी?

फेब्रुवारी २००९. जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग हे नवे आर्थिक व्यवहार मंत्री होणार, अशी बातमी आली. ते उमराव घराण्यातले. त्यांच्या पूर्ण नावात आडनावाआधीच दहा नावं. कुणीतरी विकिपीडियावर जाऊन या रांगेत आणखी एक नाव गुपचूप घुसवलं : विल्हेम.

'बिल्ड' या मोठ्या दैनिकाने हे नाव थेट पहिल्या पानावर छापलं. 'श्पीगल'च्या वेबसाइटसह इतर माध्यमांनीही ते उचललं. पुढे विकिपीडियावर कुणीतरी विचारलं, या विल्हेमला पुरावा काय? तेव्हा पुरावा म्हणून 'श्पीगल'चीच बातमी दाखवण्यात आली. म्हणजे बातमीचा आधार विकिपीडिया आणि विकिपीडियाचा आधार बातमी. अखेर नाव घुसवणाऱ्यानेच 'बिल्डब्लॉग' या ब्लॉगवर निनावीपणे सगळा प्रकार सांगितला.

एका जास्तीच्या नावाने कुणाचं नुकसान झालं नाही. पण नावाच्या जागी पदवी, गुन्हा किंवा पक्षांतराची तारीख असती तर? निवडणुकीच्या दिवसांत विकिपीडियाचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फिरतात. गुगलवर नेत्याचं नाव टाकलं की बाजूला येणाऱ्या चौकटीतली माहितीही बऱ्याचदा तिथूनच येते. म्हणून ही पानं कशी तयार होतात, हे समजून घ्यायला हवं.

पान लिहितं कोण?

विकिपीडियाला पगारी संपादक मंडळ नाही. लेख स्वयंसेवक लिहितात आणि स्वयंसेवकच तपासतात. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था सर्व्हर आणि तांत्रिक बाजू सांभाळते, रोजचा मजकूर ठरवत नाही.

इथला मूळ नियम पडताळणीचा आहे. लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट माहीत आहे, एवढं पुरत नाही. ती विश्वासार्ह ठिकाणी आधी छापून आलेली असावी लागते आणि तो संदर्भ द्यावा लागतो. गुटेनबर्ग प्रकरणात नियम वरवर पाळला गेला होता, संदर्भ दिलेला होता. पण त्या संदर्भाला ही माहिती कुठून मिळाली, हे कुणी पाहिलं नाही.

हयात व्यक्तींसाठी नियम कडक का झाले?

२००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सायगेनथेलर यांच्या पानावर एका निनावी व्यक्तीने लिहिलं की, जॉन आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. प्रत्यक्षात सायगेनथेलर यांनी रॉबर्ट केनेडींचे सहायक म्हणून काम केलं होतं. हा खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. सायगेनथेलर यांनी 'यूएसए टुडे'त लेख लिहिल्यावर मोठा गदारोळ झाला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खातं न उघडता नवीन लेख सुरू करण्याची मुभा काढून घेण्यात आली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण आलं.

त्या धोरणाचा गाभा असा : हयात व्यक्तीबद्दल वादग्रस्त विधान असेल आणि त्याला भक्कम संदर्भ नसेल, तर चर्चेची वाट न पाहता ते काढून टाकायचं. मात्र याची दुसरी बाजूही आहे. सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तीवरचा आरोप महत्त्वाचा असेल आणि अनेक विश्वासार्ह माध्यमांनी त्याची नोंद घेतली असेल, तर नेत्याला आवडत नाही म्हणून तो काढता येत नाही. नेत्याने आरोप फेटाळला असेल, तर तेही लिहायचं.

नेत्यांचीच पानं जास्त का बिघडतात?

एक कारण म्हणजे समर्थक आणि कर्मचारी. मार्टी मीहान हे अमेरिकी खासदार १९९२ मध्ये निवडून आले, तेव्हा त्यांनी चारच कार्यकाळ राहण्याचं आश्वासन दिलं होतं. ते त्यांनी पाळलं नाही. त्यांच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी विकिपीडियावरचा जुना मजकूर काढून कार्यालयात तयार झालेलं चरित्र टाकलं आणि त्यात हे आश्वासन गायब झालं. जानेवारी २००६ मध्ये बातमी फुटली. इथे खोटं काही लिहिलं नव्हतं, खरं तेवढं पुसलं होतं.

दुसरं कारण म्हणजे विरोधक. जून २०१५ मध्ये पंडित नेहरूंच्या पानावर त्यांच्या आजोबांबद्दल खोटी माहिती टाकण्यात आली. बदल ज्या आयपी पत्त्यावरून झाला तो एनआयसीचा, म्हणजे सरकारी यंत्रणेचा होता. त्यावरून राजकीय वाद पेटला. पण आयपी पत्ता नेटवर्क कुणाचं ते सांगतो, कीबोर्डवर कोण बसलं होतं ते सांगत नाही. सरकारी पत्ता दिसला म्हणून सरकारनेच बदल केला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरं कारण म्हणजे घाई. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांच्या शपथविधीनंतरच्या भोजनावेळी सिनेटर एडवर्ड केनेडी यांची प्रकृती बिघडली. काही वेळातच विकिपीडियाने केनेडी आणि रॉबर्ट बर्ड या दोन्ही सिनेटरांना मृत दाखवलं. दोघेही जिवंत होते. चूक लवकर दुरुस्त झाली, पण तोवर तिची बातमी झाली होती.

एका शब्दाने अर्थ कसा बदलतो?

आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ गुन्ह्यांच्या नोंदीत होतो. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र दाखल होणं, न्यायालयाने आरोप निश्चित करणं आणि दोषी ठरणं हे चार वेगळे टप्पे आहेत. पोस्टमध्ये मात्र चारही टप्प्यांवर 'गुन्हेगार' हा एकच शब्द वापरला जातो.

राहुल गांधींचं उदाहरण घेऊ. मानहानीच्या खटल्यात २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. २४ मार्चला त्यांची खासदारकी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला खासदारकी परत मिळाली. आता 'दोषी ठरले' एवढंच लिहून थांबलं तर माहिती अपुरी. 'निर्दोष सुटले' असं लिहिलं तर ती चूक, कारण स्थगिती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. चारही तारखा क्रमाने आल्या तरच वाचकाला खरं चित्र दिसतं.

पदाच्या तारखांचंही तसंच. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेनंतर देवेंद्र फडणवीस यांनी घेतलेली शपथ सगळ्यांना आठवते. त्यांनी राजीनामा दिला २६ नोव्हेंबरला, तर उद्धव ठाकरे यांची शपथ झाली २८ नोव्हेंबरला. मग फडणवीसांचा तो कार्यकाळ कधी संपला? एका ठिकाणी २६ आणि दुसऱ्या ठिकाणी २८ दिसली, तर त्यातली एक खोटी असेलच असं नाही. तारीख कशाची आहे, हे लिहिलेलं नसतं आणि गोंधळ तिथे होतो. ३० जून २०२२ ला तर दुपारपर्यंत फडणवीसच मुख्यमंत्री होणार अशी चर्चा होती, प्रत्यक्षात शपथ घेतली एकनाथ शिंदे यांनी. शपथ होण्याआधी पान बदलू नये, ते यासाठीच.

मराठी पानांबाबत जास्त सावध का राहायचं?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर नियमित काम करणारे संपादक इंग्रजीच्या तुलनेत फार थोडे आहेत. एखाद्या आमदाराच्या किंवा जिल्हा परिषद सदस्याच्या पानावर चूक झाली, तर ती पाहणारे डोळेही कमीच. पंतप्रधानांच्या पानावर काही मिनिटांत पकडली जाणारी चूक छोट्या पानावर दीर्घकाळ टिकू शकते. आणि चूक जितकी साधी आणि पटण्यासारखी, तितकी ती जास्त टिकते. विल्हेमही त्यामुळेच खपून गेला.

पान तपासायचं कसं?

१. विधानापुढचा छोटा आकडा दाबा. संदर्भ उघडतो का आणि त्यात तीच गोष्ट लिहिली आहे का, ते पाहा. 'संदर्भ हवा' अशी खूण असेल तर ते विधान पुढे पाठवू नका.

२. 'इतिहास पहा' उघडा. तिथे प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ मिळते. व्हायरल स्क्रीनशॉटमधला मजकूर काही मिनिटांपुरताच तिथे होता का, हेही कळतं.

३. तारखा जुळवा. संदर्भ म्हणून दिलेली बातमी विकिपीडियावरच्या त्या ओळीनंतर छापलेली असेल, तर बातमीनेच ती ओळ उचलली असण्याची शक्यता आहे. त्याआधीचा, स्वतंत्र पुरावा शोधा.

४. 'चर्चा' पान वाचा. कुठल्या मुद्द्यावर वाद आहे, ते तिथे दिसतं.

५. शिक्षण, मालमत्ता आणि प्रलंबित खटल्यांसाठी उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र पाहा. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. मात्र ते उमेदवाराचं स्वतःचं कथन असतं. त्यावरून 'उमेदवाराने असं जाहीर केलं आहे' इतकंच म्हणता येतं.

चूक सापडली तर?

संदर्भ हाताशी असेल तर कुणीही दुरुस्ती करू शकतं. पानावर कुलूप दिसत असेल, तर चर्चा पानावर संदर्भासह विनंती करता येते. नेत्याचे नातेवाईक, कर्मचारी किंवा प्रचार सांभाळणाऱ्यांनीही थेट बदल न करता हाच मार्ग वापरावा, अशी अपेक्षा असते. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसं जाहीर करणं बंधनकारक आहे.

गुटेनबर्ग यांच्या गोष्टीला पुढचा भागही आहे. ते पुढे संरक्षणमंत्री झाले. २०११ मध्ये त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधात उचलेगिरी असल्याचा आरोप झाला. तेव्हा अनेक लोकांनी मिळून एक स्वतंत्र विकी उघडली आणि प्रबंधातलं एकेक पान मूळ लेखनाशी ताडून पाहिलं. पदवी गेली आणि १ मार्च २०११ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. दोन्ही वेळा मजकूर अनोळखी लोकांनीच लिहिला होता. २००९ मध्ये मूळ कागद कुणी पाहिला नाही, २०११ मध्ये तो पान-पान करून पाहिला गेला.