पांढरीचा नकाशा

मराठी मुलखातल्या गावाचे पूर्वीपासून दोन भाग मानले गेले, काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची जमीन, पांढरी ही वस्तीची. जुन्या कागदपत्रांत ‘समस्त पांढरी’ म्हटले की गावचे सारे रहिवासी समजायचे. हे नाव मातीवरूनच पडले आहे. चुलीची राख, गुरांचे शेण, ढासळलेल्या कच्च्या भिंती आणि खरकटे पिढ्यान् पिढ्या एकाच जागी साचले की माती भुरकट पांढरी होते. वस्ती उठून गेली, नाव विसरले गेले, तरी तो रंग जात नाही. काळ्याभोर रानात मधेच राखी रंगाचा उंचवटा दिसला की माणसे त्याला पांढरीचे टेकाड किंवा जुने गावठाण म्हणतात. महाराष्ट्रात पुरातत्त्व शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा शिवारातला पहिला धडा या रंगाचा असतो. अशी कितीतरी टेकाडे गावठाणात, गायरानात, नदीकाठच्या पडीक जमिनीत, म्हणजे साऱ्या गावाच्या जागेत आहेत. ती शोधून नकाशावर आणण्याचे काम गेली ऐंशी वर्षे बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या पायांनी झाले.

त्याआधीच्या याद्या वेगळ्या होत्या. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझेन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांच्या याद्या छापल्या. कझेन्सची सुधारित यादी १८९७ची. ती आजही हाताशी ठेवावी अशी आहे. पण तिच्यात प्रामुख्याने लेणी, मंदिरे, मशिदी, किल्ले आणि शिलालेख आहेत, म्हणजे उभे असलेले आणि लांबून डोळ्यांत भरणारे. ज्या टेकाडावर एकही दगड उभा नाही, त्याची दखल घेण्याची रीतच तेव्हा नव्हती. सातवाहनांपूर्वी या प्रदेशात शेती करणारी माणसे कोठे आणि कशी राहत होती, याला १९४० पर्यंत धड उत्तर नव्हते.

ते शोधण्याची व्यवस्था पुण्यात उभी राहिली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली पाठशाळा पुढे डेक्कन कॉलेज झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळिया तेथे रुजू झाले. इंग्लंडमध्ये मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात त्यांनी काम केले होते. पुण्यात आल्यावर त्यांनी आधी आसपासचा परिसर पायांखाली घातला, आणि १९४० मध्ये पुण्याजवळच्या महापाषाणीय अवशेषांवर त्यांचा लेख आला. पुढे गुजरातेत साबरमतीचा काठ, नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीचे पात्र, प्रवरेवर नेवासे, असा त्यांचा शोध नद्यांच्या काठाने चालला. १९४४ मध्ये भारतात आल्यावर व्हीलर यांनी तक्षशिला येथे तरुणांसाठी क्षेत्रशाळा भरवली आणि उत्खननाची शिस्त भारतभर पसरली. सर्वेक्षणाची शिस्त मात्र सांकळियांच्या विभागात प्रबंधांच्या रूपाने रुजली. संशोधक विद्यार्थ्याने एखादे नदीखोरे किंवा एखादा जिल्हा निवडायचा, तो गावोगाव हिंडून पाहायचा आणि मग लिहायचे. आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे पाहिले, के. पद्दय्या यांनी शोरापूर दुआब, वसंत शिंदे यांनी मध्य तापीचे खोरे. कर्नाटकातल्या हुणसगी आणि बैचबाळ खोऱ्यांत पद्दय्यांना आदिमानवाच्या दगडी हत्यारांची दोनशेच्या आसपास ठिकाणे मिळाली. एवढे यश पुन्हा पुन्हा त्याच वाटा तुडवणाऱ्यालाच मिळते.

एका गावाचे सर्वेक्षण कसे होते हे नीट पाहिले पाहिजे, कारण नकाशावरच्या ठिपक्यात हे श्रम दिसत नाहीत. सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशापासून होते. पूर्वी एका इंचाला एक मैल, नंतर पन्नास हजारास एक या प्रमाणाचा. त्यावर नदी, ओढे, जुन्या वाटा आणि पडकी देवळे पाहून दिवसाची चाल ठरते. गावात पोचल्यावर पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी यांना भेटून काम सांगायचे, नाहीतर गुप्तधन शोधणारे आले असा समज होतो आणि तो एकदा झाला की पुसत नाही. मग पाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचे: खापऱ्या कुठे सापडतात, मणी कुठे निघतात, पांढरी माती कुठून आणता. खरी माहिती या शेवटच्या प्रश्नाला मिळते. घराच्या भिंतींना, धाब्याला आणि शेतात खत म्हणून ही माती लागत आली आहे, तेव्हा ती कुठे आहे हे ज्याच्याकडे बैलगाडी होती त्या प्रत्येकाला ठाऊक असते. धनगरांना त्याहून जास्त ठाऊक असते, कारण पडीक रान त्यांच्याइतके कोणीच पाहत नाही.

टेकाडावर गेले की आधी ओढ्याने कापलेली कड शोधतात. तिथे थर उघडे पडलेले असतात: राखेचा पट्टा, चोपलेल्या जमिनीची बारीक रेघ, जळक्या मातीचे लाल तुकडे, हाडे. मग टेकाडाची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या पावलाची लांबी आधी मोजून ठेवावी लागते. होकायंत्राने दिशा घेऊन वहीत कच्चा आराखडा काढायचा. खापरे वेचताना रंगीत तेवढीच उचलण्याचा मोह आवरावा लागतो. साधी, जाड, काळवंडलेली खापरेही तितकीच बोलकी असतात. प्रत्येक पिशवीत गावाचे नाव, तारीख आणि टेकाडाचा भाग लिहिलेली चिठ्ठी जाते. चिठ्ठी हरवली तर पिशवीतली खापरे खापरेच राहतात, त्यांचा पुरावा होत नाही.

खापर ओळखण्याची एक खूण विद्यार्थ्यांच्या हाताला आणि कानाला शिकवली जाते. सातवाहनांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या जोर्वे संस्कृतीचे भांडे बारीक मळलेल्या मातीचे, चाकावर घडवलेले आणि चांगले भाजलेले असते. रंग नारिंगी-तांबडा, त्यावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी. तुकडा नखाने टिचकला की धातूसारखा खणखणतो. मधोमध कोन आलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी ही त्याची ठरलेली घडण. त्याच्या शेजारी सातवाहन काळातली काळी-तांबडी भांडी, विटांचे तुकडे किंवा मध्ययुगीन काचेच्या बांगड्या मिळाल्या, तर ती जागा किती वेळा वसली आणि उठली याचा अंदाज न खणताही बांधता येतो. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा परवाना लागतो. विद्यार्थ्याने कुदळ लावायची नसते. पाहणे, मोजणे, लिहिणे एवढेच त्याचे काम, आणि ते थोडे नाही.

अशा नोंदी साठत गेल्यावर एक चित्र उमटले. संगमनेरजवळचे जोर्वे १९५०-५१ मध्ये उत्खनित झाले. त्यानंतर नेवासे येथील लाडमोडचे टेकाड, प्रवरेवरचे दायमाबाद, तापीवरचे प्रकाशे यांची उत्खनने झाली. शिरूर तालुक्यात घोड नदीवरच्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम काम चालले. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या तिथल्या तंबूंत राहून तयार झाल्या. उत्खननाने एकेका गावाचे आयुष्य कळले, पण त्या गावांचे परस्परांशी नाते नकाशाने दाखवले. जोर्वे संस्कृतीची दोनशेहून अधिक ठिकाणे आज माहीत आहेत. बहुतेक वस्त्या लहान. दायमाबाद, प्रकाशे आणि इनामगाव यांसारख्या मोजक्याच मोठ्या, प्रत्येक आपापल्या खोऱ्यात. किनारपट्टीच्या कोकणात त्या जवळपास नाहीत. इसवी सन पूर्व १०००च्या सुमारास गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतली गावे ओस पडतात आणि भीमेच्या खोऱ्यात मात्र वस्ती आणखी सुमारे तीनशे वर्षे टिकते. हवामान कोरडे झाले आणि शेती खचली, असे कारण म. के. ढवळीकर यांनी मांडले. त्यावर वाद होऊ शकतो. पण कोणती खोरी कधी रिकामी झाली हा मूळ प्रश्न पडायलाही आधी सगळ्या खोऱ्यांतली खापरे एका मेजावर यावी लागली.

विदर्भात काम वेगळे आहे. नागपूरच्या आसपास मुरमाड टेकड्यांवर मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची वर्तुळे १८७९ मध्ये जगापुढे आणली. पुढे नागपूर विद्यापीठात शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी येथे उत्खनने केली. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. ही वर्तुळे पुष्कळदा झुडपी जंगलात किंवा गायरानात आहेत. विद्यार्थी प्रत्येक वर्तुळाला क्रमांक देतात, व्यास मोजतात, धोंडे मोजतात, त्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची दिशा टिपतात. शेजारी मुरमाची खाण सुरू झाली, रस्त्यासाठी धोंडे उचलले गेले, की एखादे वर्तुळ एका दुपारी नाहीसे होते. अशा वेळी वहीतला तो क्रमांक आणि व्यास हाच त्याचा उरलेला पत्ता.

कायद्याचे छत्र लहान आहे. १९५८चा केंद्रीय कायदा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा अधिसूचित स्थळांना संरक्षण देतात. महाराष्ट्रात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके सुमारे २८५, आणि त्यांत मोठा वाटा लेणी, किल्ले, मंदिरांचा. टेकाडे त्यांत फार थोडी. पन्नाशीच्या दशकात केंद्रीय खात्याने गावोगाव सर्वेक्षणाची योजना हाती घेतली, आणि अशा शोधांच्या नोंदी १९५३-५४ पासून निघणाऱ्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात छापल्या जाऊ लागल्या. तिथे एका टेकाडाला एखादी ओळ मिळते: गाव, तालुका, सापडलेल्या खापरांचा प्रकार. इतक्या त्रोटक ओळीवरून पुढच्या पिढीला जागा शोधावी लागली आहे.

उपग्रहावरून अक्षांश-रेखांश देणारे यंत्र हातात आले आणि जागा चुकण्याचा प्रश्न सुटला असे वाटले. पण जुने नकाशे सर्वेक्षक एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीमापनावर बेतलेले आणि यंत्राचे आकडे वेगळ्या मापनाचे, त्यामुळे ताळमेळ न घालता लावलेला ठिपका शेजारच्या शिवारात जातो. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या वापरासाठी नव्या मापनाचे नकाशे आणले. सोबत एक नवी जबाबदारीही आली: अचूक आकडे छापले तर ते गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांनाही मिळतात. म्हणून जाहीर लेखात गावापर्यंतच पत्ता देण्याची आणि अचूक नोंद संस्थेत ठेवण्याची पद्धत योग्य ठरते.

कोकणातल्या कातळावरच्या कामात तर पांढरीही नाही आणि खापरेही नाहीत. जांभ्याच्या उघड्या सड्यावर माणसे, हत्ती, मासे, पक्षी कोरलेले. पावसाळ्यात गवताखाली झाकले जाणारे आणि उन्हाळ्यात पुन्हा दिसणारे. गोव्यात कुशावतीकाठच्या उसगाळीमळची कातळशिल्पे १९९३ मध्ये गावकऱ्यांनी दाखवल्यावर अभ्यासकांना कळली. रत्नागिरी, सिंधुदुर्गातली पुष्कळ चित्रेही स्थानिक शोधकांनी गुराख्यांना विचारत विचारतच धुंडाळली. २०२२ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यातली निवडक कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. इथे पावलांच्या मापाऐवजी दोरीचे चौकोन आखून चित्र कागदावर उतरवतात. आता वरून ड्रोनने छायाचित्रही घेतात.

जुन्या प्रबंधांतली गावे नव्याने पाहणे हेही आता विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जिथे पुरुषभर उंचीचे टेकाड लिहिले आहे, तिथे कित्येकदा सपाट केलेला उसाचा फड लागतो, आणि सरीत बोटाएवढे नारिंगी खापर हाती येते. तेही पिशवीत जाते, चिठ्ठीसकट. वहीत जुन्या उंचीशेजारी आजची उंची लिहितात. ती शून्य असली तर शून्य लिहितात, आणि माती कोणत्या कामासाठी कुठे गेली हे गावात विचारून खाली नोंदवतात.