गोंगाटातील निवडक श्रवण

गोंगाटातील निवडक श्रवण : एकाच वेळी कानांवर पडणाऱ्या अनेक आवाजांतून हवा तो आवाज वेगळा काढून त्याचा माग धरण्याची मेंदूची क्षमता. ‘कॉकटेल पार्टी परिणाम’ या नावानेही ती ओळखली जाते. पणजीच्या कदंब बसस्थानकावर ‘म्हापसा, म्हापसा’, ‘मडगाव’, ‘डिचोली’ अशा हाका, इंजिनांची घरघर आणि हॉर्न एकात एक मिसळलेले असतात. तरी म्हापसामार्गे पेडण्याकडे निघालेल्या माणसाला म्हापशाची हाक बरोबर ऐकू येते. कानाच्या पडद्यावर हे सारे आवाज एकाच कंपनात पोहोचलेले असतात. त्यांची फोड पुढे होते.

या अभ्यासाचा पाया ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये घातला. त्या काळी विमानवाहतूक नियंत्रकांना अनेक वैमानिकांचे बोलणे एकाच लाउडस्पीकरमधून ऐकावे लागे आणि घोटाळे होत. चेरींनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन मजकूर सोडले आणि एक मोठ्याने म्हणत जायला सांगितले. दुसऱ्या कानातला मजकूर मध्येच इंग्रजीवरून जर्मनवर गेला, तरी श्रोत्यांना पत्ता लागला नाही. पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, ते मात्र कळले. एकाच माणसाच्या आवाजातील दोन मजकूर मिसळले, तेव्हा पुढचा शब्द कोणता येईल या अंदाजावरच श्रोत्यांची भिस्त राहिली. साचेबंद वाक्प्रयोग असले की तोही फसे.  आज पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरच्या नियंत्रकालाही रेडिओवर आवाजाची दिशा कळत नाही. एकाने बोलावे, इतरांनी थांबावे, ही शिस्तच कामी येते.

लक्ष नसलेला आवाज पूर्ण गळून जातो असेही नाही. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात, दुर्लक्षित कानात आलेले स्वतःचे नाव सुमारे एक-तृतीयांश लोकांनी टिपले.

आवाजाची दिशा ओळखण्याचे काम मेंदूच्या खोडात सुरू होते. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या फरकावरून जागा ठरते. उंच पट्टीच्या आवाजांसाठी डोक्याने होणारी आवाजाची अडवणूक उपयोगी पडते. मग स्वराची उंची, एकत्र सुरू होणे व थांबणे, या खुणांवरून तुकडे जोडून आवाजांचे प्रवाह तयार होतात. २०१२ मध्ये नीमा मेसगरानी व एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर ठेवलेल्या विद्युतअग्रांतून नोंदी घेतल्या. दोन जण एकदम बोलत असता, श्रवणाशी निगडित बाह्यकात ज्याच्याकडे लक्ष होते त्याचेच बोलणे ठळक उमटले होते.

शिगम्यात किंवा डिचोलीच्या घोडेमोडणी नृत्यात ढोलाशेजारी उभे राहून बोलणे अवघड जाते. ढोलाचे खालच्या पट्टीतले जोरकस ध्वनी वरच्या पट्टीतल्या ध्वनींना झाकतात, आणि व्यंजनांच्या बऱ्याच खुणा वरच्या पट्टीत असतात. पण दोन ठोक्यांमधल्या फटीत शब्दांचे तुकडे निसटून येतात. उरलेले मेंदू भाषेच्या ओळखीवर भरून काढतो. म्हणून मातृभाषेतले बोलणे अशा कल्लोळात कळते, नव्याने शिकलेल्या भाषेतले बुडते. सतत घरघरणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनात अशी फट नसते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. या आकड्याने उपद्रव मोजता येतो. शब्द कळेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी बोलणे आणि भोवतालचा आवाज यांच्या पातळ्यांतले अंतर पाहावे लागते.

शांत खोलीतील श्रवणचाचणी चांगली येऊनही गर्दीत बोलणे न समजणारे लोक असतात. वयाबरोबर ही तक्रार वाढते. २००९ मध्ये शेरॉन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांना उंदरांत आढळले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी कानातील केशपेशी व श्रवणचेता यांमधील अनेक जोडण्या कायमच्या तुटलेल्या राहतात. माणसांत याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. श्रवणयंत्राने गोंगाटही मोठा होतो. दिशा धरणाऱ्या मायक्रोफोनमुळे समोरच्याचे बोलणे थोडे सुटे होते, तेही तो खरोखर समोर असेल तर.