हो, नाही, संबंध नाही

शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड लटकला की आमच्या टीममध्ये एक खेळ सुरू होतो. एकजण अर्धवट गोष्ट सांगतो. एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो, पण एकटा असला की लिफ्टने सातव्यापर्यंतच येतो आणि पुढे जिना चढतो. पाऊस असला की मात्र थेट दहाव्यावर! का? बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्याने फक्त 'हो', 'नाही' किंवा 'संबंध नाही' एवढंच म्हणायचं. सगळे आधी सातव्या मजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीच्या मागे लागतात. ती नसतेच. तो माणूस बुटका असतो, वरची बटणं हाताला लागत नाहीत, आणि पावसात हातात छत्री असते. अडकवतं ते आपणच गृहीत धरलेलं काहीतरी. डी बोनोने १९६७ मध्ये या प्रकारच्या विचाराला 'लॅटरल थिंकिंग' हे नाव दिलं. पण या जातीचं एक जीवघेणं कोडं त्याच्या साठ वर्षं आधीच आपल्या परळला सुटलं होतं.

तर कोडं असं. सप्टेंबर १८९६, मांडवी. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. घरात एकजण गाठ येऊन मरतो, त्याची सेवा करणारा ठणठणीत राहतो आणि दोन घरं सोडून तिसराच आजारी पडतो. हा रोग जातो कसा?

सरकारने गृहीत धरलं की घाण, कोंदट हवा आणि माणूस. मग घरं कार्बोलिकने धुवा, चुना फासा, रोगी उचलून हॉस्पिटलात टाका. ज्यांच्या घरात हे चाललं होतं त्यांना कोणी काही विचारलं नाही. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर (आजचं कस्तुरबा) चालून गेले. पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलोच. हवा खेळावी म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादरच्या हिंदू कॉलनीचे रुंद, झाडीचे रस्ते ही त्याच ट्रस्टची देणगी. अर्धवट उत्तरातूनही कधीकधी चांगली गोष्ट निघते, असो.

गंमत म्हणजे 'उंदीर पडले की घर सोडायचं' हे खेड्यापाड्यांत ठाऊक होतं. पण उंदरापासून माणसापर्यंत मधे काय? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने जून १८९८ मध्ये कराचीत आजारी उंदराशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर ठेवला. स्पर्श नाही, पण पिसवा जाऊ शकतील असा. तोही मेला. सिमाँने छापून टाकलं आणि बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं.

इथे परळ येतं. हाफकिनने स्वतःवर लस टोचून घेतली ती जानेवारी १८९७ मध्ये. त्याची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. (१९२५ पासून नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. माझी बस रोज तिथून जायची आणि मला ते फक्त सर्पदंशासाठी माहीत होतं!) तिथे ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर होता. मुंबईच्या एका चाळीत १९०३च्या सुमारास आधी उंदीर मेले, मग लोक पिसवांनी हैराण झाले, मग माणसं पडली. लिस्टनने रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा पकडून तपासल्या. त्यांत बऱ्याच उंदरावरच्या निघाल्या.

मग १९०५ मध्ये प्लेग कमिशन परळला आलं आणि खरा खेळ सुरू झाला. उत्तरं द्यायला गिनीपिग. मेला तर हो, जगला तर नाही. त्यासाठी छोट्या खोल्याच बांधल्या होत्या.

आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र, तीही न साफ केलेल्या खोलीत, पण पिसवा नाहीत. लागण होते? नाही. जमिनीतून? शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम जंतू टाकले, तर ४८ तासांनंतर लागण नाही, चुन्याच्या जमिनीवर २४ तासांनंतर नाही. हवेतून? पिंजरा जमिनीपासून दोन फूट वर टांगला तर गिनीपिग जगला, दोन इंचांवर ठेवला तर मेला. हवा दोन्हीकडे तीच! पिसू मात्र चार-पाच इंचांवर उडी मारू शकत नाही. शेवटी बारीक जाळीने झाकलेला पिंजरा आणि उघडा पिंजरा, एकाच प्लेगच्या घरात. उघड्यातला मेला.

मला यातला दोन इंच-दोन फूट प्रयोग सगळ्यात आवडतो. आम्ही याला बायसेक्ट म्हणतो. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि असा प्रश्न विचारा की 'नाही' आलं तरी काहीतरी हाती लागेल. फक्त इथे प्रश्न विचारेपर्यंत माणसं मरत होती. सिमाँच्या पिंजऱ्यापासून कमिशनचे अहवाल छापून यायला लागले तोपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, आठ वर्षं गेली.

आणि उत्तर मिळाल्यावरही उंदीर होते तिथेच होते. देशात प्लेगने सर्वांत जास्त माणसं गेली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये. सुमारे तेरा लाख. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या पंजाबात.