कार्तिकातली गर्दी आणि पवनीचा एकांत

नागपूर-भंडारा महामार्गावर भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूर लागते. भाऊबीज झाली की या रस्त्याची चाल बदलते. माहेरी आलेल्या लेकी, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने लादलेल्या गाड्या, रात्रीच्या नाटकाचे सामान नेणारे ट्रक असे सारे आडवाटांना लागतात. विचारले तर एकच उत्तर मिळते : ‘मंडई आहे.’

मंडई म्हटली की पुण्या-मुंबईच्या वाचकाला भाजीबाजार आठवेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. बलिप्रतिपदेला गाई-गोधनाची पूजा होते, गोवारी समाज ढाल घेऊन नाचतो आणि त्यानंतर एकेका गावाची मंडई सुरू होते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. दोन गावांच्या मंडया एकाच दिवशी येऊ नयेत म्हणून आपसात तारखा ठरतात, कारण पाहुणे तेच असतात. याच दिवसांत सोयरिकीही जुळतात. वडसा-देसाईगंज हे ज्या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र, तिचा हंगामही येथूनच पुढे चालतो.

हे सारे याच ऋतूत का, याचे उत्तर शेतात आहे. पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील पायवाटा चिखलात जात आणि नाले गावांना एकमेकांपासून तोडत. रोवणीपासून कोणाला उसंत नसे. शरदात आभाळ मोकळे होते, हलका धान हाती येतो आणि भारी धानाची कापणी अजून पुढे असते. त्या फटीत माणसे घराबाहेर पडतात. पुरातत्त्वाचा हंगामही पाऊस संपल्यावरच सुरू होतो, हा योगायोग नाही. ओल्या मातीत थर वाचता येत नाहीत. म्हणजे गावकरी आणि उत्खनक हे दोघेही शरदाचीच वाट पाहतात. फक्त त्यांची भेट क्वचित होते. या लेखाचा विषय ती न होणारी भेट हाच आहे.

शरदातली ही गर्दी किती जुनी? मंडईचा लेखी पुरावा मागे फार दूर नेता येणार नाही. पण शेजारच्या रामटेकच्या कार्तिकाविषयी थोडे ठामपणे बोलता येते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन याच्या मृत्यूनंतर पुत्र दिवाकरसेन याच्या वतीने ती राज्य चालवीत होती. त्या काळातला तिचा ताम्रपट पुण्यात उजेडात आला म्हणून ‘पुणे ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. त्यात दंगुण नावाचे गाव चनालस्वामी या आचार्यांना दिल्याची नोंद आहे. दानाची तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी, आणि दान आधी भगवंताच्या चरणांना निवेदन केलेले. प्रबोधिनी एकादशीचा उपवास सोडण्याच्या दिवशी राणीने हे दान दिले, असा त्याचा अर्थ महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लावला. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरचा. तो रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिला गेला. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, असे मिराशींचे प्रतिपादन होते. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर शाप भोगतो तोही हाच, असे त्यांनी मांडले, आणि त्या यक्षाचा शापही विष्णू शेषशय्येवरून उठतो त्याच कार्तिकी तिथीला संपतो.

एक ताम्रपट, एक काव्य आणि एक टेकडी या तिघांवरून ‘रामटेकची यात्रा सोळाशे वर्षांची आहे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. राणीने द्वादशीला दान दिले म्हणून तेव्हा जत्रा भरत होती असे ठरत नाही. मधल्या काळातले दुवे सलग नाहीत, आणि गडावरील मंदिराचे आजचे वैभव पुष्कळसे नागपूरकर भोसल्यांच्या काळाचे आहे. पण कार्तिकाच्या शुद्ध पक्षात विष्णूच्या चरणांपाशी येण्याचे पुण्य या प्रदेशाला वाकाटककाळी ठाऊक होते, एवढे निश्चित म्हणता येते. आज त्या द्वादशीनंतर तीनच दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, गडावर त्रिपूर जळतो आणि खाली माणसांचा समुद्र उभा असतो. त्यातल्या फार थोड्यांना प्रभावतीगुप्तेचे नाव माहीत असेल. तरीही स्थळ जागे राहिले आहे. शिलालेख वाचता न येणाऱ्यांनी ते जागे ठेवले आहे.

आता पवनीकडे वळू. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेच्या काठी हे तालुक्याचे गाव आहे. मातीच्या प्रचंड तटाचे अवशेष, खंदक, दरवाजा आणि पुष्कळ देवळे यांमुळे ते जुने आहे हे कोणालाही दिसते. किती जुने, हे १९६९-७० च्या हंगामात स्पष्ट झाले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९७२ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे दोन मोठे विटांचे स्तूप उघडे झाले. आकाराने ते सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पंक्तीत बसणारे. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. मुचलिंद नागाचे शिल्प होते आणि शेजारी त्याचे नावही लिहिलेले होते. बुद्धाला पावसात फणा धरून जपणारा हा नाग वैनगंगेच्या काठी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोकांच्या ओळखीचा होता.

त्या दात्यांच्या नावांपाशी थांबावेसे वाटते. कठड्याचा एकेक दगड एकेका माणसाने दिला आणि आपले नाव त्यावर घातले. म्हणजे पवनीचा स्तूप काही अंशी वर्गणीतून उभा राहिला. आजची मंडई वर्गणीवर चालते. नाटकाआधी ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचली जातात. या दोन यादींमध्ये दोन हजार वर्षे आहेत, पण रीत एकच आहे.

या भूमीच्या शरदाला आणखी एक तारीख आहे. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरची निवड प्राचीन नाग लोकांशी जोडली. भंडारा जिल्ह्याला तर बाबासाहेब अधिक जवळचे. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ते येथूनच लढले होते आणि हरले होते. पवनीचे स्तूप उजेडात आले ते दीक्षेनंतर तेरा वर्षांनी. ज्या घरांनी १९५६ मध्ये नवा मार्ग धरला, त्यांच्या पायांखालीच तो मार्ग पुरलेला होता, हे कुदळीने नंतर दाखवले. दरवर्षी दसऱ्याला याच महामार्गावरून भंडाऱ्याकडची माणसे दीक्षाभूमीकडे जातात. पवनी मात्र त्यांच्या वाटेवर येत नाही.

तिसरे स्थान संग्रहालयाचे. सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असताना, १८६३ साली नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटले, आणि ते नाव सरकारी नावापेक्षा अधिक टिकले. विदर्भातील कित्येक गावांचे दगड आणि ताम्रपट तेथे सुरक्षित राहिले, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण दगड सुरक्षित झाला की गावाची आठवण सुरक्षित राहतेच असे नाही. देशभर १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह पाळला जातो. प्रदर्शने, व्याख्याने, चित्रस्पर्धा, वारसाफेऱ्या होतात. हा सप्ताह आमच्याकडे नेमका मंडईच्या दिवसांत येतो. शहरात सभागृहातल्या खुर्च्या भरताना दमछाक होते, आणि त्याच रात्री एखाद्या खेड्यात पडदा वर जाण्याची वाट पाहत हजारो माणसे थंडीत बसलेली असतात.

रामटेक आणि पवनी यांतला फरक इतकाच आहे. रामटेकला तिथी आहे. पवनीच्या स्तूपांना तिथी नाही. तिथी असली की वाट झिजत राहते, आणि वाट झिजत राहिली की तटाची माती कोणी नेली तर विचारणारे कोणी असते. तुमसर तालुक्यातील आंबागडाचेही तसेच. बख्त बुलंदशहाच्या कारकिर्दीत, १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने बांधलेला हा गड. त्याच्या तटावर उगवलेले झाड उपटायला कायदा पुरत नाही, येणारी-जाणारी माणसे लागतात.

नवी यात्रा आदेशाने सुरू करता येत नाही, हे खरे. पण मंडईत एक जागा आधीच रिकामी आहे. नाटकाच्या उद्घाटनाला भाषणे होतात, आणि ती कोणी फारशी ऐकत नाही. त्यांतले एक, दहा मिनिटांचे, त्या गावाच्या किंवा शेजारच्या टेकडीच्या इतिहासाचे असावे. पडदा आहेच, त्यावर मुचलिंदाचे छायाचित्र दिसावे. संग्रहालयातला दगड आणता येणार नाही. त्याचा ठसा आणि त्यावरच्या नावांचे वाचन आणता येईल. दंडारीच्या शाहिराला गोष्ट द्यावी, गीत तो करील. आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे अजून गावात असताना, शाळेच्या मुलांनी त्यांना टेकडीपर्यंत न्यावे.

भाऊबीजेच्या ओवाळणीसारखेच हे आहे. वर्षातून एकदा जाऊन यायचे असते. गेले नाही तर नाते तुटत नाही, पण हळूहळू दारावरची पाटी कोणाची, हे विसरायला होते. पवनीच्या दगडांवर नावे आहेत. ती वाचायला यंदाच्या कार्तिकात कोणीतरी जावे.