कायरल उत्प्रेरकांची शीघ्र चाचणी
एखाद्या विक्रियेतून परस्परांची आरशातील प्रतिमा असणारे दोन रेणू तयार होत असतील, तर कोणता उत्प्रेरक त्यांपैकी हवा तोच अधिक प्रमाणात देतो, हे झटपट ओळखण्याच्या पद्धती. निवडक्षमता ‘प्रतिबिंबी आधिक्य’ या टक्केवारीत मांडतात. ९५:५ मिश्रणाचे आधिक्य ९० टक्के.

अमरावती-अकोल्याच्या सोयाबीन पट्ट्याला ओळखीचे उदाहरण मेटोलाक्लोर या तणनाशकाचे. त्याचा प्रभाव मुख्यतः ‘एस’ रूपामुळे असतो. सीबा-गायगी या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे संलग्नी (धातूला जोडलेले कायरल रेणू) बदलून पाहिले, तेव्हा इरिडियम-झायलिफॉस उत्प्रेरक हाती लागला आणि १९९६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आधिक्य सुमारे ८० टक्केच. पण उत्प्रेरक इतका वेगवान आणि टिकाऊ, की औषधात न चालणारा हा आकडा शेतीत पुरला.

खरी अडचण मोजणीची. कायरल स्तंभावरील वर्णलेखन विश्वासार्ह, पण एकेक नमुना पुष्कळ वेळ खातो. मानफ्रेड रीट्झ यांच्या जर्मनीतील गटाने १९९९ मध्ये एका प्रतिबिंबात ड्यूटेरियम घातले. वस्तुमानातील फरकामुळे दोन्ही रूपे वस्तुमान वर्णपटात वेगळी दिसतात आणि दिवसाला सुमारे हजार नमुने तपासता येतात. मात्र ही युक्ती गतिकीय पृथक्करणासारख्या (दोन प्रतिबिंबांपैकी एकाची विक्रिया अधिक वेगाने होते अशा) मोजक्या विक्रियांनाच लागू पडते. आंरी कागाँ यांनी एकाच भांड्यात अनेक अभिकारके एकत्र तपासली. वृत्तीय द्विवर्णता आणि प्रतिदीप्ती यांवर आधारलेल्या पद्धती चाळणीसारख्या आहेत. निवडलेले उत्प्रेरक पुन्हा वर्णलेखनानेच पडताळतात.