लोकगीताचे कर्तृत्व आणि स्वामित्व : एलिझाबेथ कॉटन यांचे उदाहरण

लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाच्या मुखातून आपोआप उमटते, ही कल्पना साहित्यविचारात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंनी तिला प्रतिष्ठा दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी गीताच्या जडणघडणीत समूहाचा वाटा निर्णायक मानला. उलट, अमेरिकन विदुषी लुईस पाउंड यांनी 1921 साली समूहरचनेच्या सिद्धान्तावर कठोर प्रहार केला. पुढे 1954 साली आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने लोकसंगीताची व्याख्या केली, तेव्हा एका व्यक्तीने रचलेले गीतही समाजाच्या अलिखित परंपरेत मुरले तर ते लोकसंगीत ठरू शकते, हे तिने मान्य केले. पंडितांचा हा वाद वरवर पाहता केवळ उत्पत्तिशास्त्राचा वाटतो. परंतु गीत बाजारात आले की त्याच वादाला पैशाचे परिमाण लाभते. ज्या गीताला कर्ता नाही त्याला मालकही नाही, आणि ज्याला मालक नाही ते प्रथम नोंदवील त्याचे होते. एलिझाबेथ कॉटन या निग्रो गायिकेच्या चरित्रातून हे जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धान्तचर्चेतून होणार नाही.

एलिझाबेथ यांचा जन्म 1893 साली उत्तर कॅरोलायना राज्यात, चॅपेल हिलजवळच्या कारबरो या गावी झाला. थोरल्या भावाचा बँजो त्याच्या अपरोक्ष वाजवीत त्यांनी वादनाचा श्रीगणेशा केला आणि लहान वयातच घरकामाच्या मजुरीतून पै-पैसा साठवून स्वतःची गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरून त्या वाजवीत. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांकडे आणि चालीच्या तारा अंगठ्याकडे येत. ही पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. घराजवळून जाणाऱ्या आगगाडीवरचे ‘फ्रेट ट्रेन’ हे गीत त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या वयात रचले. पुढे लवकर लग्न झाले, मुलगी झाली. ऐहिक गाणी सोडावीत असा चर्चमधील मंडळींचा आग्रह पडला आणि गिटार जवळजवळ सुटली. ती पुन्हा हाती येण्यास काही दशके जावी लागली.

तो योग वॉशिंग्टनमध्ये आला. एका मोठ्या दुकानात काम करीत असता त्यांनी हरवलेली एक मुलगी तिच्या आईच्या स्वाधीन केली. ती आई म्हणजे संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. या परिचयातून कॉटन सीगर कुटुंबात घरकामाला लागल्या. चार्ल्स आणि रूथ सीगर हे दांपत्य लोकसंगीताच्या अभ्यासात अग्रगण्य होते. दूरदूरच्या खेड्यांतून आणलेल्या ध्वनिमुद्रणांचे स्वरलेखन रूथ करीत. ज्या घरात लोकगीतांचा असा शोध चालला होता, त्याच घराच्या स्वयंपाकघरात एक गीतकर्ती वर्षानुवर्षे राबत होती आणि प्रथम कोणाला त्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी भिंतीवरची गिटार काढून त्या वाजवू लागल्या, तेव्हा घरातील मुलांना ते कळले. माइक आणि पेगी या भावंडांनी त्यांची गीते आत्मसात केली.

1950 च्या दशकाच्या मध्यास पेगी सीगर इंग्लंडला गेल्या आणि त्यांच्या कंठातून ‘फ्रेट ट्रेन’ तेथे पोचले. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘स्किफल’ या संगीतप्रकाराचे वारे वाहत होते. गिटार, घरगुती साधनांतून बनवलेली वाद्ये आणि अमेरिकन लोकगीते एवढ्या भांडवलावर तरुणांची मंडळे उभी राहत होती. अशाच एका मंडळाने, चॅस मॅक्डेव्हिट यांच्या गटाने, नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात हे गीत ध्वनिमुद्रित केले. 1957 साली ते ब्रिटनमधील लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. तबकडीवर रचनाकार म्हणून छापलेली नावे मात्र दुसऱ्याच दोन गृहस्थांची होती. गीत ज्या बाईने रचले ती त्या वेळी दुसऱ्याच्या घरी काम करीत होती.

हे कसे घडू शकले, हे समजण्यासाठी परवान्याची व्यवस्था ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेच्या 1909 च्या कायद्यानुसार एखाद्या गीताची तबकडी कर्त्याच्या संमतीने एकदा निघाली की दुसऱ्या कोणासही त्याची तबकडी काढण्यास प्रतिबंध नव्हता. मात्र दर प्रतीमागे दोन सेंट स्वामित्वधन द्यावे लागे. हा दर 1978 पर्यंत तसाच राहिला. तत्त्वतः ही योजना लोकपरंपरेला मुळीच प्रतिकूल नाही. गाण्याची मोकळीक सर्वांना आणि मोबदला कर्त्याला, असाच तिचा आशय आहे. अडचण मोबदला कोणाच्या नावावर जमा व्हावयाचा, ही होती. गीताची नोंदणी करावयाची तर त्याची स्वरलिपीतील लिखित प्रत सादर करावी लागे; ध्वनिमुद्रणाने ती गरज भागत नसे. जिचे गीत गळ्यात आणि बोटांत होते, तिला कायद्याच्या दारी उभे राहण्यासाठी हाती कागदच नव्हता. त्यातून मौखिक वाटेने आलेल्या गीताकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी ‘हे परंपरेचे’ अशी होती. अशा रीतीने विद्वानांचा सिद्धान्त व्यापाऱ्यांच्या सोयीचा ठरला.

कॉटन यांच्या बाबतीत सीगर कुटुंबाने प्रयत्नांची शर्थ केली आणि कर्तृत्वावरील त्यांचा हक्क अखेर मान्य झाला. तरी चुकीची नावे पुढेही अनेक ठिकाणी छापली जात राहिली. माइक सीगर यांनी त्यांच्या राहत्या घरी केलेले ध्वनिमुद्रण मोझेस ॲश यांच्या ‘फोकवेज’ या स्वतंत्र संस्थेने 1958 साली प्रसिद्ध केले. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या या बाईंची कारकीर्द येथून सुरू झाली. 1967 साली ‘शेक शुगरी’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या शीर्षकगीतातील कडवी रचण्यास त्यांच्या पतवंडांनी हातभार लावला आणि ते गायिले त्यांतल्याच एका मुलीने. समूहरचना म्हणतात ती खरोखर कशी घडते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे. तीत समूह आहे, पण निनावी कोणीही नाही. 1984 साली राष्ट्रीय वारसा सन्मान, पुढच्याच वर्षी ग्रॅमी पारितोषिक असे गौरव त्यांना लाभले. 1987 साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फोकवेजचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. त्यातील दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिका, खप असो वा नसो, सदैव उपलब्ध ठेवाव्यात, अशी त्यामागील अट होती.

कॉटन यांच्या पाठीशी एक जाणते कुटुंब उभे होते. सर्वांनाच असे पाठीराखे लाभत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांनी 1939 साली योहान्सबर्ग येथे ‘मबुबे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याची रूपांतरे अमेरिकेत आणि नंतर जगभर गाजली. लिंडा 1962 साली दारिद्र्यातच वारले. त्यांच्या वारसांना 2006 साली तडजोडीने जो न्याय मिळाला, त्यास 1911 च्या ब्रिटिश कायद्यातील एक कलम आधारभूत ठरले : कर्त्याने विकलेले हक्क त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परत येतात. हाच कायदा काही फेरफारांसह 1914 साली हिंदुस्थानात लागू झाला होता, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वतंत्र भारताने 1957 साली आपला कायदा केला. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या कवीला आणि संगीतकाराला स्वामित्वधनातील समान वाटा मिळवून दिला. तो वाटा वारस किंवा स्वामित्वसंस्था यांखेरीज अन्य कोणास लिहून देता येत नाही. तथापि हे संरक्षणही ज्याचे नाव ठाऊक आहे त्यालाच उपयोगी पडते.

मराठी परंपरेला हा विचार अपरिचित नाही. अभंगाच्या अखेरीस संतकवी आपली नाममुद्रा गुंफतो. शाहीर लावणीत आपले नाव घालतो. विसाव्या शतकात वामनदादा कर्डकांपर्यंत ही रीत चालत आली. कागद नसलेल्या संस्कृतीत कर्तृत्वाची नोंद ठेवण्याची ही व्यवस्था होती. गीत शंभर मुखांतून गेले तरी नाव त्याच्याबरोबर जाई, आणि तेवढ्याने गाणाऱ्यांपैकी कोणाची वाट अडली नाही. जात्यावरच्या ओवीत मात्र अशी मुद्रा बहुधा नसते. म्हणूनच ती रचणाऱ्या असंख्य बायका एका ‘पारंपरिक’ या शब्दात लुप्त झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांसह. 2017 पासून त्या नावांनिशी प्रसिद्धही होत आहेत. प्रत्येक ओवी त्या बाईनेच रचली असे नव्हे; पण ती कोणाच्या मुखातून हाती आली याची नोंद झाली, म्हणजे पुढच्या विचाराला पाया मिळाला.

लोकगीताला कुलूप घालणे हा त्याचा मृत्यूच होय, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे म्हणणे खरे आहे. परंतु गीत मोकळे असणे आणि कर्ता अज्ञात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, तीत अभ्यासकांचाही वाटा आहे. संग्राहक, संपादक आणि अनुवादक जेव्हा गीताखाली ‘पारंपरिक’ असे लिहितात, तेव्हा ते केवळ एक वर्गीकरण करीत नसतात, कोणाच्या तरी हक्कावर निकाल देत असतात. तो निकाल लिहिण्यापूर्वी निदान आपल्याच स्वयंपाकघरात कोण गात आहे, याची चौकशी व्हावयास हवी.