शिकीला न लिहिलेले पत्र

दक्षिण लंडनमध्ये क्लॅपहॅम भागात ‘द चेस’ नावाचा रस्ता आहे. त्यावरच्या ८१ क्रमांकाच्या घरावर एक निळी गोल पाटी आहे. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १९०१-०२ मध्ये इथे राहत होता, एवढेच ती सांगते. काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या नोकरीसाठी मी दीड वर्ष लंडनमध्ये एकटी राहत होते. माझी खोली टूटिंगला, म्हणजे तिथून भुयारी रेल्वेने चार स्थानके पलीकडे. दिवसभर औषधांच्या माहितीपत्रकांचे मराठी-हिंदी अनुवाद करायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर एक पानही वाचवत नसे. त्या दिवसांत ही पाटी दिसली आणि मी सोसेकीचे लंडन शोधू लागले. जपानी मला येत नाही. जे वाचले ते इंग्रजी अनुवादांतून.

सोसेकी लंडनला आला तो लेखक म्हणून नव्हे, सरकारी हुकमाने. तो कुमामोतोला इंग्रजी शिकवत होता. १९०० साली शिक्षण खात्याने त्याला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवायचे ठरवले. वर्षाला १८०० येन भत्ता मिळायचा. गरोदर बायको आणि लहान मुलगी जपानमध्येच राहिली. सप्टेंबरात योकोहामाहून निघून तो ऑक्टोबरअखेर लंडनला पोचला, तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. युनिव्हर्सिटी कॉलेजात काही महिने तो व्याख्यानांना बसला, मग ते सोडले. शेक्सपिअरचे अभ्यासक विल्यम क्रेग यांच्याकडे शिकवणी लावली, पुढे तीही थांबली. भत्त्यातून खाणे वाचवून तो पुस्तके घेत राहिला. दोन वर्षांत त्याने पाच बिऱ्हाडे केली. समोरून एक ठेंगू, विचित्र माणूस येतोय असे वाटावे आणि जवळ गेल्यावर ते आरशातले आपलेच रूप निघावे, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. बायको पत्रे पाठवत नाही ही त्याची कायमची तक्रार होती.

पण त्याची खरी अडचण वाचनाची होती. लहानपणी त्याने चिनी अभिजात ग्रंथ वाचले होते, आणि साहित्य म्हणजे काय हे त्यांतून आपोआप कळले अशी त्याची समजूत होती. इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटत राहिले. भाषा दोन्ही बऱ्यापैकी येत होत्या, मग एकीत मन रमते आणि दुसरीत नाही, असे का? आणि रमत नसेल तर इंग्रज समीक्षकांचे मत आपण आपले म्हणून का सांगायचे? भारतात इंग्रजीतून साहित्य शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा वाटणार नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हीही दुसऱ्यांची मते वहीत उतरवून घेत होतो.

१९०१च्या मे-जूनमध्ये इकेदा किकुनाए नावाचा रसायनशास्त्रज्ञ काही आठवडे त्याच्या बिऱ्हाडी राहिला. पुढे १९०८ मध्ये ‘उमामी’ चवीचे मूळ शोधणारा तो हाच. त्याच्याशी झालेल्या चर्चांनी सोसेकीला हुरूप आला. विज्ञानासारखे पायापासून काही उभारावे असे त्याला वाटू लागले. त्याने साहित्याची पुस्तके ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र वाचायला घेतले. साहित्य म्हणजे काय याचा शोध साहित्याच्या पुस्तकांतून लागणार नाही, असे त्याने ठरवले होते. ‘द चेस’वरच्या खोलीत त्याने स्वतःला कोंडून घेतले आणि माशीच्या डोक्याएवढ्या बारीक अक्षरांत टिपणांचा ढीग लिहून काढला. नात्सुमेला वेड लागले अशी बातमी शेवटी जपानपर्यंत गेली.

सोसेकीबद्दल लिहिणारे बहुधा इथपर्यंतची हकिगत सांगतात. माझे लक्ष मात्र त्याच सुमारास आलेल्या एका पत्राकडे गेले.

मासाओका शिकी हा त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेल्या ‘हायकू’ला हे नाव रूढ करून देणारा कवी तो हाच. १८९५ मध्ये आजारी शिकी मात्सुयामाला सोसेकीच्या बिऱ्हाडी सुमारे पन्नास दिवस राहिला होता. आता मणक्याच्या क्षयाने तो तोक्योत अंथरुणाला खिळला होता. १९०१च्या एप्रिलमध्ये सोसेकीने त्याला आणि ताकाहामा क्योशीला लंडनहून लांबलचक पत्रे लिहिली. न्याहारी, वर्तमानपत्र, घरमालकीण, बिऱ्हाड बदलण्याचा गोंधळ असा साधाच मजकूर, पण स्वतःचीच थट्टा करत लिहिलेला. शिकीला ती इतकी आवडली की त्यांच्या ‘होतोतोगिसु’ मासिकात ती छापली गेली.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शिकीने लंडनला पत्र पाठवले. आपले आता संपले, रोज रडतो, असे त्यात होते. ते मागचे पत्र फार आवडले. डोळे उघडे आहेत तोवर आणखी एक तसेच पाठव, एवढेच त्याचे मागणे होते.

सोसेकीने ते पाठवले नाही. वेळ नाही, अभ्यास आहे, अशी सबब त्याने कळवली. बायकोच्या पत्राची वाट पाहत चडफडणारा हाच माणूस. हजारो ओळींची टिपणे त्याच्या हातून झाली, पण ही चार पाने झाली नाहीत. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, पस्तिशी गाठण्याआधीच, शिकी गेला. लंडनला बातमी पोचली तेव्हा सोसेकीची परतीची तयारी चालली होती. ५ डिसेंबरला तो बोटीने निघाला.

टिपणांमधून १९०७ मध्ये ‘बुंगाकुरोन’ हा साहित्यसिद्धान्ताचा ग्रंथ झाला. सोसेकीला स्वतःला तो फसलेलाच वाटत राहिला. मात्र मधल्या काळात क्योशीच्या आग्रहावरून त्याने एका मांजराच्या तोंडची गोष्ट लिहिली होती. शिकीने सुरू केलेल्या गद्यवाचनाच्या बैठकीत क्योशीने ती वाचून दाखवली आणि जानेवारी १९०५ पासून ती ‘होतोतोगिसु’मध्येच येऊ लागली. तिने सोसेकीला कादंबरीकार केले. लंडनच्या पत्रांतला घरगुती, स्वतःला हसणारा आवाज या मांजराला मिळाला आहे, असे मला वाटते.

‘मी मांजर आहे’च्या दुसऱ्या खंडाची प्रस्तावना १९०६ची आहे. तिच्यात त्याने शिकीचे ते पत्र दिले आहे. आपण ते मागणे पुरवले नाही आणि तो वाट पाहत मेला, याचा दोष तो स्वतःकडे घेतो आणि हे पुस्तक मेलेल्या मित्रापुढे ठेवतो.

ती प्रस्तावना मी टूटिंगच्या खोलीत वाचली. मिरजेला माझी मावशी असते. मोतीबिंदूने तिची नजर मंदावली होती. फोन नको, पत्र लिही, शेजारची मुलगी मोठ्याने वाचून दाखवते, असे ती म्हणायची, आणि मी तिला वर्षभर कामाची सबब सांगत आले होते. त्या रात्री मी तिला आठ पाने लिहिली. घरमालकिणीचा बिघडलेला बॉयलर, कपडे वाळत न पडणे, टूटिंगच्या बाजारात मिळालेली गवार. लिहिताना ‘हे मराठीत कसे सांगावे’ म्हणून मी कितीतरी वेळा अडले. दिवसभर शब्द बदलून देण्याच्या कामात असे अडणे मी विसरूनच गेले होते. मावशीने फोन करून सांगितले, पत्र दोनदा वाचून घेतले. पुढच्या वेळी अक्षर जरा मोठे काढ, त्या मुलीला लागत नाही.